मोजणीदार गावाचा शोध लावत नसतो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सॅम्युएल द शॅम्प्लेनवर तुम्ही अर्धं पान दिलंय ते वाचलं. चहा गार झाला पण शेवटपर्यंत वाचलं. लेख बरा आहे, भाषा सोपी आहे आणि आपल्या साताऱ्याच्या पेपरात असा विषय येतो याचा आनंदच आहे, नायतर रोज तेच खड्डे आणि तेच वाढदिवसाचे फ्लेक्स. पण मथळा बघून डोकं फिरलं. "कॅनडाचा शोध लावणारा फ्रेंच वीर" असं ठळक अक्षरात, आणि शेजारी तो लांब केसांचा, बारीक मिशीचा फोटो. मथळाही चूक आणि फोटोही चूक. फोटोचं नंतर सांगतो, आधी मथळ्याचं.

मी भूमी अभिलेख खात्यातनं भूकरमापक म्हणून रिटायर झालो. लोक आम्हाला मोजणीदार म्हणतात, तोंडावर साहेब म्हणतात आणि वळल्यावर काय म्हणतात ते इथं लिहायला नको. शंकू-साखळीवर शिकलो, ३३ फुटी साखळी, १६ आण्यांची, पुढं प्लेन टेबल आलं, मग थिओडोलाइट, आणि जाता जाता ती नवीन मशिनं आली ज्यात बटण दाबलं की झालं. जावळी, पाटण, माण, खटाव सगळीकडं पाय झिजवलेत. एवढ्या नोकरीत शेकडो गावं मोजली असतील पण एकाही गावाचा शोध लावला नाही. गाव होतंच की तिथं! लोक पिढ्यानपिढ्या राहत होते, बांध कुठं, ओढा कुठं, पावसात पाणी कुठपर्यंत चढतं हे त्यांना तोंडपाठ होतं, आपण फक्त ते कागदावर आणलं. मग शॅम्प्लेनला वेगळा नियम का?

या माणसाचं मला वेड लागलं ते मुलगा नोकरीला तिकडं गेल्यापासनं. आता निम्म्या शाहूपुरीची पोरं कॅनडात आहेत, तसा आमचापण. त्यानं क्वेबेक शहराचे फोटो पाठवले, तटबंदी, उतरते रस्ते, खाली एवढी मोठी नदी, मी म्हणलं हे कोणी वसवलं बघू तरी, आणि मग वाचतच गेलो. त्या गावाचं नावच तिथल्या मूळ अल्गोंक्विन लोकांचं आहे, अर्थ असा की नदी जिथं अरुंद होते ती जागा. सेंट लॉरेन्स नदी समुद्रासारखी रुंद येते आणि तिथं आवळते. म्हणजे बघा, शॅम्प्लेननं ३ जुलै १६०८ ला तिथं पहिलं बांधकाम सुरू करायच्या आधीपासनं जागेला नाव होतं, आणि नाव पण असं की मोजणीदारानं टिपणात लिहावं. आपल्या शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला १७०८ ला, त्याच्या बरोब्बर शंभर वर्षं आधीची ही गोष्ट.

आता मला जी गोष्ट सगळ्यात आवडते ती तुमच्या लेखात नाहीच. १६०५ चा जुलै महिना. शॅम्प्लेन आत्ताच्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यानं खाली चाललाय, केप ॲन नावाच्या टोकाशी तिथले लोक भेटतात. भाषा येत नाही. तर यानं कोळशाच्या तुकड्यानं किनाऱ्याची रेघ काढून दाखवली की आपण इथं आहोत. त्या लोकांनी तोच कोळसा त्याच्या हातातनं घेतला आणि पुढची रेघ काढली, मोठं आखात दाखवलं, शिवाय मागं राहिलेली एक नदी पण दाखवली जी याला येताना दिसलीच नव्हती. आणि मग त्यांनी सहा खडे घेतले आणि सारख्या अंतरावर मांडले. म्हणजे पुढं सहा टोळ्या आहेत, सहा नायक आहेत. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

हे वाचलं तेव्हा मला पाटण तालुक्यातला एक म्हातारा आठवला. वाडीची मोजणी होती, जुना नकाशा आणि जागा काय केल्या जुळेना, आम्ही दोन दिवस डोकं धरून बसलेलो. तो म्हातारा सकाळपासनं लांब बसून तंबाखू मळत बघत होता. शेवटी उठला, जमिनीवर काठीनं ओढ्याची रेघ मारली, चार दगड ठेवले आणि म्हणला, "सायेब, वडा हितनं जायाचा, माज्या बापाच्या टायमाला. पुराला हिकडं आला." झालं. नकाशा जुळला. सरकारी कागदावर सही माझी आहे, त्या आज्यांचं नाव कुठं नाही. शॅम्प्लेननं निदान लिहून तरी ठेवलं की रेघ त्या लोकांनी काढली आणि खडे त्यांनी मांडले. या एका गोष्टीसाठी मी त्याला मानतो.

१६०३ ला तो पहिल्यांदा तिकडं गेला तेव्हाही हेच. सेंट लॉरेन्सच्या काठावर टाडुसाक म्हणून जागा आहे तिथं उतरला, तिथं इन्नू लोकांची मोठी मेजवानी चालली होती, त्यांच्याशी फ्रेंचांची दोस्ती ठरली, मग नदीनं वर गेला तो आत्ताच्या माँट्रियलजवळच्या खडकाळ, खळाळत्या धारेपाशी अडकला. मोठ्या होड्या पुढं जाईनात. मग यानं काय केलं तर तिथल्या लोकांना बसवून विचारलं, वर काय आहे? त्यांनी सांगितलं की असे असे तलाव, एकाला लागून एक, मधे एक मोठा धबधबा. तो बहुतेक नायगाराच. डोळ्यांनी न बघता त्यानं ते सगळं लिहून घेतलं आणि ढोबळमानानं ते बरोबर निघालं. आमच्याकडं याला चौकशी म्हणायचे, मोजणीच्या आधी चौकशी. लगतच्या खातेदारांना नोटीस काढायची, बोलावायचं, विचारायचं.

ऐकीव माहितीत फसला पण. विन्यो नावाचा त्याचाच एक माणूस सांगत आला की मी उत्तरेचा समुद्र बघितला, तिथं फुटलेलं इंग्रजी जहाज बघितलं. शॅम्प्लेनला तर चीनला जायची जवळची वाट पाहिजेच होती, सगळ्यांनाच पाहिजे होती तेव्हा. निघाला १६१३ ला ओटावा नदीनं. अल्गोंक्विनांचा नायक होता टेसुआ, त्याच्या बेटावर पोचल्यावर भांडं फुटलं, टेसुआ म्हणला हा माणूस माझ्या इथंच मुक्कामाला होता, पुढं गेलाच नाही. विन्योनं शेवटी कबूल केलं. तिथल्या लोकांनी म्हणे त्याला आमच्या ताब्यात द्या म्हणून सांगितलं, यानं दिला नाही. मी असतो तर, जाऊ दे.

माणूस तिकडं गेला तरी कशासाठी ते पण बघा. आपल्याकडं गोरे आले मिरीसाठी, तिकडं गेले टोपीसाठी. बीव्हर नावाचा पाण्यातला प्राणी, त्याच्या लोकरीची हॅट युरोपात श्रीमंतांच्या डोक्यावर असायची. त्या कातड्याच्या व्यापाराचा मक्ता राजाकडनं घेतलेला होता पिएर दुगा द मॉन या माणसानं. पैसा त्याचा, परवानगी त्याच्या नावावर, शॅम्प्लेन त्याच्या हाताखाली. क्वेबेकची वसाहत पण त्याच्याच खर्चानं झाली. तुमच्या अर्ध्या पानात दुगाचं नाव एकदाही नाही! घर बांधताना पाटी मालकाची लागते आणि गवंड्याला कोण विचारत नाही, इथं उलटं झालंय, आणि त्यालाही कारण आहे, शॅम्प्लेननं पुस्तकं लिहिली, नकाशे छापले, दुगानं नाही लिहिलं. जो लिहितो तो उरतो.

थंडीचं तुम्ही एका ओळीत उरकलंय, "अनेक अडचणींना तोंड दिले" असं. साहेब, अडचणी म्हणजे काय? १६०४ ला सेंट क्रॉय नावाच्या बेटावर ७९ माणसं राहिली. बेट निवडलं संरक्षणाला बरं म्हणून. थंडी आली, नदीत बर्फाचे तुकडे वाहायला लागले, किनाऱ्याला जाता येईना, बेटावर गोडं पाणी नाही आणि जळण संपलं. ७९ मधली ३५ माणसं गेली. जागा निवडताना पाणी बघायचं सोडून तटबंदी बघितली की असं होतं. पुढच्या वर्षी पोर्ट रॉयलला हलले. तिथं जरा शहाणे झाले, १६०६-०७ च्या थंडीत पाळीपाळीनं एकेकानं शिकार करून सगळ्यांना जेवायला घालायचं असं मंडळच काढलं, तिथल्या मूळ नायकालाही पंगतीला बसवायचे. आणि तरीसुद्धा १६०८-०९ ला क्वेबेकमधे २८ माणसं राहिली त्यातली २० मेली. आठ उरली. हिरड्या सडतात, दात हलतात, जुन्या जखमा परत उघडतात, स्कर्व्ही म्हणतात त्याला, ताजी भाजी फळं न मिळाल्यानं होतो. आणि वाईट असं की औषध त्याच गावाशेजारी झाडावर होतं. ७० वर्षांपूर्वी जॅक कार्तिए नावाचा फ्रेंच दर्यावर्दी तिथंच थंडीत अडकला होता तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला एका झाडाचा पाला आणि साल उकळून दिली आणि त्याची माणसं उठून बसली. पण शॅम्प्लेन आला तोवर ते गावच उरलं नव्हतं, ती माणसं गेली आणि कुठलं झाड ते सांगणारं कोण राहिलं नाही. आमच्याकडं जावळीच्या खोऱ्यातली म्हातारी माणसं जातायत ना, तेव्हा मला हेच वाटतं, किती झाडांची नावं जळाली असतील बरोबर.

त्याच १६०८ साली दुवाल नावाच्या कुलूपवाल्यानं शॅम्प्लेनलाच मारायचा कट केला, जागा दुसऱ्यांना विकायची म्हणून. पकडला, फासावर दिला, मुंडकं भाल्यावर लावलं. म्हणजे साधुसंत नव्हता हा माणूस, हे पण लक्षात घ्या.

आणि १६०९ ची लढाई. तुम्ही ती अगदी पोवाड्यासारखी लिहिलीय. झालं असं की ज्यांच्याशी दोस्ती केली त्या लोकांचं वैर होतं मोहॉक लोकांशी, म्हणजे इरोक्वा. दोस्त म्हणले चल आमच्याबरोबर. हा गेला, दोन फ्रेंच बरोबर, सुमारे ६० दोस्त योद्धे, समोर २०० च्या आसपास. ३० जुलैला सकाळी एका तळ्याकाठी समोरासमोर आले. यानं बंदुकीत चार गोळ्या भरल्या आणि एका बारात दोन नायक जागेवर पाडले. त्या लोकांनी बंदूक अशी पाहिलीच नव्हती, पळाले. लढाई संपली. पण वैर संपलं नाही, त्या शतकभर फ्रेंच आणि इरोक्वा एकमेकांच्या जिवावर उठलेले होते. सगळं काय त्या एका बारानं झालं नाही, कातड्याचा व्यापार होता, डच होते, इंग्रज होते, पण सुरुवातीला हा बार आहेच. मोजणीदारानं बांधाच्या भांडणात एका बाजूनं कुऱ्हाड उचलली तर काय होतं ते आम्हाला विचारा. आणि गंमत अशी की त्या तळ्याला त्यानं नाव दिलं स्वतःचंच, लेक शॅम्प्लेन. एवढा कोळसा दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस, पण तिथं मोह आवरला नाही.

बायकोचा उल्लेख तुम्ही "पत्नी एलेन यांची साथ लाभली" असा केलाय. लग्न झालं १६१० च्या डिसेंबरात, मुलगी १२ वर्षांची, नवरा चाळिशीच्या आसपास. हुंडा ६००० लिव्र, म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन. आपल्याकडं शारदा कायदा १९२९ ला आला म्हणून आपण नाकं मुरडायचं कारण नाही, पण "साथ लाभली" हे लिहू नये. ती क्वेबेकला आली १६२० ला आणि १६२४ ला परत गेली ती गेलीच, पुढं नवरा वारल्यावर जोगीण झाली, स्वतःचा मठ काढला. तिला काय वाटलं असेल ते कोणी लिहिलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, ती वाचून मी एकटाच हसत बसलो होतो. १६१५ ला तो पार ह्युरॉन तलावापर्यंत गेला, तिथल्या वेंडाट लोकांबरोबर त्यांच्या शत्रूच्या किल्ल्यावर चालून गेला, तिथं पायात दोन बाण लागले, चालता येईना, मग एका माणसानं त्याला पाठीवर टोपलीत बांधून आणला, तान्ह्या पोरासारखा. थंडीभर त्यांच्यातच राहिला. आणि शिकारीला गेले असताना याला एक वेगळाच पक्षी दिसला, पोपटासारख्या चोचीचा, हा त्याच्या मागं मागं रानात गेला आणि चुकला. आभाळ झाकलेलं, सूर्य नाही. आणि होकायंत्र? मुक्कामाच्या जागी विसरलेलं! अख्ख्या खंडाचा नकाशा काढणारा माणूस दोनतीन दिवस रानात भटकतोय. शेवटी पाण्याच्या धारेनं चालत चालत सापडला. मी एकदा बामणोलीच्या बाजूला धुक्यात असाच फिरलोय, साखळी खांद्यावर, शिपाई कुठं गेला पत्ता नाही, तासाभरानं एका गुराख्यानं वाटेला लावलं. त्यामुळं हसलो ते प्रेमानं.

यंत्राचंच चाललंय तर हे पण. अक्षांश काढायला तेव्हा ॲस्ट्रोलेब वापरायचे, दुपारी सूर्याची उंची धरायची. रेखांश धड काढताच यायचा नाही, समुद्रावर वेळ सांगणारं घड्याळच नव्हतं, म्हणून पूर्व-पश्चिम अंतरं अंदाजानं. तरी त्याचे १६१२ आणि १६३२ चे नकाशे बघा, किनारा ओळखू येतो. १६१२ च्या नकाशात खाली झाडाफळांची चित्रंपण काढलीत, हे आमच्या खात्यात केलं असतं तर मेमो मिळाला असता. तर ओटावात त्याचा पुतळा आहे, हातात ॲस्ट्रोलेब धरून उंच केलाय, आणि ते यंत्र धरलंय उलटं! शिल्पकाराला कोण सांगणार. तसं आमच्या जुन्या थिओडोलाइटमधनं पण सगळं उलटंच दिसायचं, माणूस डोक्यावर उभा. त्याच पुतळ्याच्या पायथ्याशी एक मूळनिवासी वाटाड्या गुडघ्यावर बसवला होता, तिथल्या लोकांनी आवाज उठवल्यावर तो तिथनं हलवला. गुडघ्यावर कशाला? वाट तो दाखवत होता की.

मधे तीन वर्षं क्वेबेक इंग्रजांकडं होतं हे तुमच्या लेखात आलंच नाही. कर्क नावाच्या भावांनी १६२८ ला रसदीची जहाजं पकडली, गावात उपासमार, जेमतेम शंभराच्या आत माणसं, १६२९ च्या जुलैत शॅम्प्लेननं गाव स्वाधीन केलं. आणि मग कळलं की फ्रान्स आणि इंग्लंडचा तह एप्रिलमधेच झालाय! म्हणजे युद्ध संपल्यावर गाव जिंकलं. गाव परत मिळवायला तीन वर्षं गेली, कारण इंग्लंडच्या राजाला त्याच्या फ्रेंच राणीच्या हुंड्याची राहिलेली रक्कम पाहिजे होती. हुंडा थकला म्हणून गाव अडकलं. १६३२ ला तह झाला आणि पुढच्या वर्षी म्हातारा परत गेला. या मधल्याच काळात इकडं १६३० च्या फेब्रुवारीत शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला, काळ नजरेसमोर यावा म्हणून सांगतो.

आता फोटो. शॅम्प्लेनचं खरं चित्र जगात कुठंच नाही. तुम्ही छापलंय ते मिशेल पार्तिसेली नावाच्या फ्रेंच राजाच्या खजिनदाराचं आहे, एकोणिसाव्या शतकात कोणीतरी ते शॅम्प्लेन म्हणून छापलं आणि तेच शाळेच्या पुस्तकांपासनं टपाल तिकिटांपर्यंत फिरत राहिलं. त्याच्या पुस्तकात १६०९ च्या लढाईचं एक चित्र आहे, मधे बंदूक धरलेला एवढासा माणूस, चेहरा नखाएवढा, तेवढाच काय तो. आणि त्या चित्रात मागं खजुराची झाडं काढलीत, त्या थंडीच्या मुलुखात! छपाईचा ठसा खोदणारानं तिकडं फ्रान्समधे बसून काढलेली. म्हणजे तिथंपण गावकऱ्याला विचारलं नाही.

१६३५ च्या नाताळच्या दिवशी तो क्वेबेकमधेच वारला. आधी दोनेक महिने अर्धांगवायूनं पडून होता. वीसपेक्षा जास्त वेळा अटलांटिक ओलांडलेला माणूस. पुरलं तिथंच, पण १६४० ला चर्चला आग लागली, आणि त्याची कबर नक्की कुठं हे आजतागायत सापडलेलं नाही, उकरून उकरून बघतायत. हद्दीचा दगड हरवला की आम्ही म्हणायचो शेजारच्या तीन दगडांवरनं काढू. इथं तिन्ही गेलेत.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती द्या. "शोध लावणारा" काढा, नकाशे काढणारा आणि क्वेबेकचं ठाणं घालणारा असं लिहा, दुगाचं नाव घाला, आणि तो खजिनदाराचा फोटो काढून जागा असेल तर १६३२ चा नकाशा छापा. माझ्याकडं त्याची मोठी प्रिंट आहे, नातवानं राजवाड्याजवळनं काढून आणलीय, ऑफिसात आणून देतो, फक्त घडी घालू नका, गुंडाळून ठेवा.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
शाहूपुरी, सातारा